पंच्याऐंशीवर संपणारा काटा

दार जड आहे, जोर लावून ओढा. डावीकडचं दार. सवयीने उजवीकडे गेलात तर तिथे स्टिअरिंग सापडणार नाही.

आज रविवार, ४ ऑक्टोबर १९८७. रात्रीचे आठ वाजून गेलेत. डेट्रॉइट शहराची हद्द ओलांडली की लगेच फर्नडेल लागतं, तिथे वुडवर्ड ॲव्हेन्यूच्या कडेला, नाइन माइल रोडच्या चौकाजवळ तुम्ही आहात. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक तिसरा माणूस हॉर्न वाजवतोय. आज दुपारी टायगर स्टेडियमवर बेसबॉलच्या सामन्यात डेट्रॉइट टायगर्सनी टोरांटोला १-० हरवून आपला गट जिंकला. लॅरी हर्नडनचा एक होम रन आणि फ्रँक टनानाचा डावा हात, एवढ्यावर सामना निघाला. रेडिओ डब्ल्यूजेआरवर लावा, अजून तेच चाललंय. पुढच्या फेरीत मिनेसोटाचा संघ टायगर्सना घरी पाठवणार आहे आणि बरोबर पंधरा दिवसांनी, एका सोमवारी, वॉल स्ट्रीट कोसळणार आहे. दोन्ही तुम्हाला ठाऊक आहे. पण आज रात्री तोंडातून अवाक्षर काढू नका.

हातात दोन किल्ल्या आहेत. गोल डोक्याची दाराची आणि डिकीची, चौकोनी डोक्याची इंजिन सुरू करायची. जनरल मोटर्सच्या गाड्यांची ही जुनी रीत, अंधारात चाचपडूनसुद्धा किल्ली ओळखता येते. चौकोनी किल्ली स्टिअरिंगच्या दांड्यातल्या कुलपात घाला. पट्टा लावा. मिशिगनमध्ये दोन वर्षांपूर्वीच त्याचा कायदा झालाय. आणि किल्ली फिरवण्याआधी समोरच्या वेगमापकाकडे नीट बघा.

पंच्याऐंशी. मैलांचा आकडा पंच्याऐंशीवर संपतो. म्हणजे ताशी १३७ किलोमीटर. ही गाडी त्याच्या पलीकडे आरामात जाते, पण किती पलीकडे हे ती तुम्हाला सांगणार नाही. काटा टोकाला टेकून बसतो आणि गाडीचा वेग वाढत राहतो. १९७९ मध्ये वॉशिंग्टनच्या सरकारने नियम केला की वेगमापकावर पंच्याऐंशीच्या पुढचा आकडा असू नये, आणि पंचावन्नचा आकडा ठळक करावा. आकडा दिसला नाही म्हणजे मोह होणार नाही, असा हिशेब. नियम १९८२ मध्ये रद्द झाला, पण तबकड्या तशाच छापल्या जात राहिल्या. पंचावन्नचं मूळ त्याहून जुनं आहे. १९७३ च्या अरब तेलबंदीनंतर निक्सननी साऱ्या देशाला ताशी पंचावन्न मैलांच्या मर्यादेत बांधलं. गावाबाहेरच्या महामार्गांवर पासष्ट करायची मुभा राज्यांना मिळाली ती याच वर्षी, एप्रिलमध्ये.

आता फिरवा किल्ली.

काय ऐकू आलं? फारसं काही नाही. तुम्ही सिनेमात पाहिलेली अमेरिकन गाडी सुरू होताना काचा थरथरतात. ही गुरगुरली आणि शांत झाली. ब्युइक ही मुळात डॉक्टर, वकील आणि निवृत्तीला आलेले बँक मॅनेजर यांची गाडी. ही त्याच घराण्यातली रीगल, दोन दारांची, चौकोनी, अंगापिंडाने भरलेली. फरक एवढाच की ती नखशिखांत काळी आहे; रीगलची ही ग्रँड नॅशनल आवृत्ती १९८४ पासून दुसऱ्या रंगात मिळतच नाही. बॉनेटवर एका बाजूला छोटासा उंचवटा, त्यावर ३.८ लिटर आणि टर्बो असं लिहिलेलं. खाली सहा सिलिंडर. आठ नव्हे, सहा.

या सहा सिलिंडरांची कथा सांगण्यासारखी आहे, इंजिन गरम होईपर्यंत ऐका. ब्युइकने हे व्ही-६ इंजिन साठच्या दशकाच्या सुरुवातीला काढलं. पेट्रोल स्वस्त होतं, आठ सिलिंडरांपुढे सहांना कोण विचारणार? १९६७ मध्ये कंपनीने इंजिनाची सगळी यंत्रसामग्री कैसर-जीपला विकून टाकली. मग तेलबंदी आली, पंपांवर रांगा लागल्या आणि १९७४ मध्ये ब्युइकवाले जीपच्या नव्या मालकांकडे, अमेरिकन मोटर्सकडे, आपलंच इंजिन परत मागायला गेले. यंत्रं फ्लिंटला परत आली. काटकसरीसाठी आणलेलं हे इंजिन अशक्त होतं, म्हणून १९७८ मध्ये त्याला टर्बो जोडला: बाहेर वाया जाणाऱ्या धुराने एक चक्र फिरवायचं आणि त्या चक्राने आत जास्तीची हवा कोंबायची. १९८४ मध्ये प्रत्येक सिलिंडरला मोजून पेट्रोल देणारा संगणक आला. १९८६ मध्ये इंटरकूलर आला, म्हणजे टर्बोने दाबून तापवलेली हवा आत जाण्याआधी गार करणारी जाळी. आज तुमच्यापुढे जे घरघरतंय त्याची ताकद कंपनीच्या कागदावर २४५ अश्वशक्ती आहे. त्याच जनरल मोटर्सची मानाची गाडी, कॉर्व्हेट, तिची २४०.

तुम्हाला अंदाज यावा म्हणून सांगतो, याच वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी प्रीमियर पद्मिनी चाळीस अश्वशक्तीची आहे. सहा पद्मिनी एकमेकींना बांधून ओढायला लावल्या तर हे एक बॉनेट होतं.

मला ही गाडी आवडते ती या आकड्यासाठी नाही. साठच्या दशकातल्या ताकदीला अक्कल फारशी लागत नव्हती. इंजिन मोठं करायचं, पेट्रोल ओतायचं. त्यानंतर प्रदूषणाचे कायदे आले, १९७५ पासून धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, कंपनीच्या साऱ्या गाड्यांच्या सरासरी मायलेजचं बंधन आलं. १९७४ ची मस्टँग तर व्ही-८ शिवायच बाजारात आली, आणि १९७५ ची साधी कॉर्व्हेट १६५ अश्वशक्तीवर उतरली. लोकांना वाटलं, संपलं. ऐंशीच्या दशकातल्या या गाड्या हे सगळे नियम पाळून, त्यांच्या फटीतून वाट काढत तयार झाल्या. म्हणून त्यांच्यात एक लबाडी आहे, आणि ग्रँड नॅशनल त्यांतली सर्वांत लबाड.

निघा. गिअर ऑटोमॅटिक आहे, या गाडीला क्लच मिळतच नाही. वुडवर्डवर उत्तरेकडे. मधोमध गवताचा रुंद पट्टा, दोन्ही बाजूंना चार-चार पदरी रस्ता. चौकात डावीकडे वळता येत नाही, हे लक्षात ठेवा. सरळ पुढे जायचं, पट्ट्यातल्या फटीतून यू-टर्न घ्यायचा आणि परत येऊन उजवीकडे वळायचं. गाड्या पळवणाऱ्यांना ही रचना फार सोयीची पडली. एक टोक गाठलं की वळा, परत या, रात्रभर. साठच्या दशकात डेट्रॉइटच्या कंपन्यांचे इंजिनिअर नव्या गाड्या घेऊन इथे येत आणि सिग्नलवर कोण पुढे जातं ते बघत असत. ते दिवस ओसरलेत. हॉटेलांपुढच्या गाड्यांच्या रांगा विरळ झाल्यात, पोलिसांची नजर वाढलीय. पण चांगल्या रात्री अजून कुणी ना कुणी भेटतंच.

टेन माइलला प्राणिसंग्रहालयाची पाण्याची टाकी गेली. ट्वेल्व्ह माइलला डावीकडे जो दगडी मनोरा दिसतो ते लिटल फ्लॉवरचं चर्च. तिथल्या फादर कॉगलिननी तिसाच्या दशकात रेडिओवरून सारा देश चेतवला होता. पुढे सिग्नल लाल झालाय. थांबा.

उजवीकडे एक मस्टँग येऊन उभी राहिली. एलएक्स, पांढरी, दिसायला अगदी साधी, पण पुढच्या चाकामागे छोट्या धातूच्या अक्षरांत ५.० लिहिलंय. खरं तर ते इंजिन ४,९४२ घन सेंटिमीटरचं, म्हणजे पाच लिटर नाहीच, पण फोर्डवाले काही मागे हटत नाहीत. आठ सिलिंडर, २२५ अश्वशक्ती, पाच गिअर, हाताने टाकायचे. अंगाने तुमच्यापेक्षा हलकी आणि किमतीने बरीच कमी. कॅलिफोर्नियाचे महामार्ग पोलीस अशाच मस्टँग वापरतात, कारण त्यांच्या मोठ्या गाड्यांना पळणारे चोर सापडेनात. हिचा आवाज ऐका. हाच तो सिनेमातला आवाज. तो पोरगा उगाच रेस देतोय, प्रत्येक वेळी अख्खी गाडी एका बाजूला किंचित कलते.

तो काच खाली करतो. वीस-बावीसचा असेल, डोक्यावर टायगर्सची टोपी.

“ब्युइक आहे ना? वडिलांची?”

“माझीच.”

“सहाच सिलिंडर ना यात?”

हो म्हणा. जास्त बोलू नका.

आता मी सांगतो तसं करा. डावा पाय ब्रेकवर, घट्ट. उजव्या पायाने ॲक्सिलरेटर हळूहळू दाबा. गाडी पुढे जायला बघेल, जाऊ देऊ नका. टर्बोची हीच खोड आहे: धूर जोरात वाहिल्याशिवाय तो फिरत नाही आणि तो फिरल्याशिवाय जोर येत नाही. म्हणून ब्रेकवर धरून त्याला आधी जागं करायचं. समोर दाबाची छोटी दिव्यांची पट्टी आहे, एकेक दिवा लागतोय. मागची चाकं आता घसरतील असं वाटतंय ना? तिथेच धरा. समोरच्या बाजूचा सिग्नल पिवळा झाला.

हिरवा. डावा पाय काढा.

आधी एक शिट्टी ऐकू येते, बारीक, चढत जाणारी. मग नाक वर उचललं जातं आणि पाठ सीटमध्ये जाते. गडगडाट वगैरे काही नाही. मस्टँग पहिल्या पाच-दहा हातांत तुमच्या बरोबर आहे, नंतर पोरगा गिअर बदलतो, तेवढ्यात एक क्षण त्याच्या इंजिनाचा जोर तुटतो. तुमचा तुटत नाही, टर्बो ढकलतच राहतो. आणि मग तो आरशात. त्या काळच्या मासिकांनी ही गाडी शून्यापासून साठ मैलांपर्यंत पाच ते सहा सेकंदांत नेली होती. इटलीहून येणाऱ्या, चौपट किमतीच्या गाड्यांचे आकडे तेव्हा याच घरात होते.

पाय काढा, काढा. रस्ता सार्वजनिक आहे आणि तुमच्याकडे इथला परवानासुद्धा नाही. शिवाय पुढे वळण आहे, आणि वळणावर ही गाडी एकदम तिच्या मूळ मालकांच्या वयाची होते. मागचा अख्खा एक्सल एकसंध, स्प्रिंगा मऊ, नाक जड. सरळ रेषेच्या बाहेर तिला फारसं काही येत नाही, आणि मला त्यात गैर वाटत नाही. मिशिगनमध्ये रस्ते तसेही सरळच आहेत. वळणं हवी असतील तर शेवरोलेची आयरॉक-झी घ्या. ती बसकी, रुंद, वळणाला रस्ता धरून ठेवणारी, आणि छतात टी-टॉपच्या दोन काचा काढून आकाश उघडं करता येतं. रबर जुनं झालं की त्याच फटीतून पाऊस मांडीवर येतो. चोरांचीही ती लाडकी. ज्या दोन कारखान्यांत ती बनत होती, त्यांतला ओहायोतला नॉरवूडचा कारखाना दीड महिन्यापूर्वी बंद झाला.

आरशातली मस्टँग पुन्हा शेजारी आलीय. पोरगा हसतोय, हाताने इशारा करतोय: बाजूला घे. पेट्रोल पंपावर घ्या. तुम्हाला तसंही प्रीमियम भरायचंच आहे. हलकं पेट्रोल घातलं तर इंजिन नॉकिंग करतं, संगणकाला ते ऐकू येतं आणि तो ठिणगी उशिरा पाडून जोर काढून घेतो. गॅलनला डॉलरच्या आसपास. तेल इतकं स्वस्त झालंय की १९७३ कुणाला आठवतही नाही.

पोराला बॉनेट उघडून दाखवा. तो दोन मिनिटं नुसता बघतो. डिस्ट्रिब्युटर कुठेय, म्हणून विचारतो. नाहीच. ठिणगी कधी पाडायची ते संगणक ठरवतो. त्याच्या मस्टँगला अजून डिस्ट्रिब्युटर आहे, तो सैल करून जरासा फिरवला की पिकअप वाढतो, फेंडरमधला हवेचा सायलेन्सर काढून फेकला की आणखी थोडा. हे सगळं त्याने घरच्या गॅरेजमध्ये, एका पान्यावर केलंय. तुमच्या गाडीचं गुपित मात्र दुसरीकडे आहे. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याचा उजवा पाय जिथे टेकतो त्या पॅनेलमागे संगणकाची पेटी आहे, तिच्यात एक छोटी चिप. ती उपटून दुसरी बसवायची, टपालाने मागवता येते. कुणीतरी कुठेतरी बसून तिच्यात वेगळे आकडे लिहिलेले असतात: पेट्रोल इतकं, ठिणगी तेव्हा, हवेचा दाब जास्त. हात काळे न करता गाडीची ताकद तीस-चाळीस अश्वशक्तींनी वाढते. पोराचा यावर विश्वास बसत नाही. गाडीचा वेग आकड्यांत लिहिता येतो हे त्याच्या पिढीला नवीन आहे. तुमच्या काळात दुसरं काही उरलेलं नाही. त्याला असंही सांगा की आजच्यासारख्या गार हवेत ही गाडी उन्हाळ्यापेक्षा जोरात पळते, आणि शर्यतीच्या पट्टीवर काही जण इंजिनाच्या माथ्यावर बर्फाची पिशवी ठेवून नंबराची वाट बघतात.

पंपावरच्या खिडकीत पैसे द्यायला गेलात तेव्हा आतल्या माणसाने तुमच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. नंतर बाहेरच्या काळ्या ब्युइककडे पाहिलं आणि मान हलवली. गाडी अमेरिकन आहे, हे इथे तपासलं जातं. युनियनच्या कित्येक सभागृहांच्या वाहनतळांवर परदेशी गाड्यांना जागा नाही.

याच रस्त्याने दक्षिणेकडे थोडे मैल गेलं की हायलंड पार्क लागतं. १९१३ मध्ये हेन्री फोर्डने सरकता जोडणीपट्टा सुरू केला तो कारखाना तिथे आहे, वुडवर्डलाच लागून. क्रायस्लरचं मुख्यालयही तिथेच. आणि तिथेच, वुडवर्डवर, १९ जून १९८२ च्या रात्री व्हिन्सेंट चिन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या चिनी वंशाच्या अमेरिकन मुलाला बेसबॉलच्या बॅटने मारलं. लग्न आठवड्यावर आलं होतं. मारणारे दोघं, एक क्रायस्लरमधला फोरमनच्या वरचा माणूस, दुसरा त्याचा सावत्र मुलगा, नोकरी गेलेला. साक्षीदार सांगतात, तुमच्यामुळे आमच्या नोकऱ्या जातायत असं काहीतरी भांडणात बोललं गेलं. त्यांना तो जपानी वाटला. चार दिवसांनी चिन गेला. शिक्षा काय, तर तीन वर्षं देखरेख आणि तीन हजार डॉलर दंड. तुरुंगाचा एक दिवस नाही. संघीय न्यायालयातला शेवटचा खटला याच वर्षी मे महिन्यात सुटला, आरोपी निर्दोष. या उपनगरांत मराठी घरं आहेत, मोटार कंपन्यांत ड्रॉइंग बोर्डांवर बसणारी माणसं आहेत. ती अमेरिकन गाडीच का घेतात, याचं उत्तर कामगार सवलतीच्या पलीकडेही जातं.

तुम्ही परत गाडीत येऊन बसलात की पोरगा विचारेल, तुम्ही कुठले? मुंबईचे म्हणा. हवं तर हेही सांगा की जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता आणि तो १९५४ पर्यंत चालला. त्याला ते खोटं वाटेल.

वुडवर्ड जिथे पोहोचते त्या पाँटिॲकमध्ये आता नको, तिथे डिसेंबरात जाऊ. ११ डिसेंबर १९८७, थंडी बोचरी. शेवटची ग्रँड नॅशनल आज कारखान्यातून बाहेर पडली. मागणी एवढी होती की या जुन्या साच्याच्या रीगल बंद करायची तारीख पुढे ढकलावी लागली. या वर्षात वीस हजारांच्या वर बनल्या. नवी रीगल आधीच आलीय, पुढच्या चाकांना जोर देणारी, समंजस. जाता जाता ब्युइकने ५४७ खास गाड्या बनवल्या, जीएनएक्स, मॅकलारेनच्या नावाने चालणाऱ्या कंपनीकडून अंतिम हात फिरवून. कागदावर २७६ अश्वशक्ती, किंमत तीस हजार डॉलरच्या उंबरठ्यावर, साध्या ग्रँड नॅशनलच्या जवळपास दुप्पट. काहींनी त्या विकत घेऊन, सीटवरचं प्लॅस्टिकही न काढता कुलपात ठेवल्या. तुमच्या काळात त्यांचे दोन लाख डॉलरच्या वर येतात. येऊ देत. अशा गाडीला पळू न देणारा माणूस मला कळत नाही.

मस्टँगचंही मरण लिहिलेलं होतं. तिच्या जागी माझ्दाच्या सांगाड्यावरची, पुढच्या चाकांना जोर देणारी गाडी येणार अशी बातमी फुटली आणि फोर्डकडे संतापाच्या पत्रांचा ढीग लागला. नवी गाडी येईल, पण प्रोब या नावाने. पोराची ५.० वाचली.

तुमची ब्युइक मात्र आता गॅरेजमध्ये जायला हवी. रस्त्यावर मीठ पडायला लागलंय. मिशिगनचं मीठ दोन-तीन हिवाळ्यांत दारांच्या खालच्या कडा खाऊन टाकतं. टाकी काठोकाठ भरा म्हणजे आत पाणी धरणार नाही. बॅटरी काढून घरात ठेवा. गाडी आत नेल्यावर लगेच इंजिन बंद करू नका, मिनिट-दोन मिनिटं तसंच चालू द्या. टर्बो लालबुंद असतो, फिरतं तेल थांबलं तर त्याच्या बेअरिंगमध्येच जळून चिकटतं.

आणि विम्याच्या एजंटला फोन करा. नूतनीकरण आलंय. मस्टँगच्या पोराचा विम्याचा हप्ता कर्जाच्या हप्त्यापेक्षा जास्त आहे, हे त्याने तुम्हाला पंपावरच सांगितलं होतं. एजंट फॉर्म भरत विचारतो.

“गाडी?”

“ब्युइक रीगल.”

“दारं?”

“दोन.”

“सिलिंडर?”

“सहा.”

“ऑटोमॅटिक?”

“हो.”

“छान. ऑफिसला जाण्या-येण्यापुरतीच वापरता ना?”

हो म्हणा.